डोळा किती वर्षं टिकतो?

समस्त वाचकांस अत्यंत गंभीरपणे, हात जोडून आणि दोन साक्षीदारांसमक्ष जाहीर करण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने आजवर असंख्य परस्त्रियांच्या डोळ्यांत तासन्‌तास एकटक पाहिलेले आहे. हे सर्व भरदिवसा, खिडकीशी बसून, बहुतेक वेळा त्यांच्या नवऱ्यांच्या देखत घडलेले आहे. लेखकाच्या पत्नीस याची पूर्ण कल्पना असून मधूनमधून चहा तिनेच आणून दिलेला आहे. परपुरुषांच्या डोळ्यांतही लेखकाने तितकेच पाहिले आहे, पण ते जाहीर करण्यात काही गंमत नाही. साक्षीदार म्हणाल तर शून्य नंबरचा ब्रश आणि त्याहून बारीक दुसरा ब्रश.

मी कृत्रिम डोळे बनवतो. वर्ध्याला नालवाडीत आमच्या घराची पुढची खोली ही माझी कार्यशाळा. तिला उत्तरेकडे एक मोठी खिडकी आहे. घर घेताना मी ती खिडकी सोडून दुसरं काहीही पाहिलं नव्हतं. स्वयंपाकघरात दोन माणसं एका वेळी उभी राहू शकत नाहीत हे बायकोच्या लक्षात गृहप्रवेशाच्या दिवशी आलं, आणि ते अजून तिच्या लक्षात आहे. पण मी तरी काय करणार? उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो आणि डोळ्याचा रंग जुळवायला तोच लागतो. ट्यूबलाइटखाली जुळवलेला डोळा बसस्टँडवर गेला की उपरा दिसतो.

कृत्रिम डोळा म्हटलं की लोकांना काचेची गोटी आठवते. मी दिवाळीत कुठे फराळाला गेलो की कोणीतरी हमखास विचारतं, गोटी घरंगळून बाहेर येत नाही का? तर ऐका. डॉक्टर डोळा काढतात तेव्हा त्या जागी आत एक गोळा बसवून वरून शिवून टाकतात. तो कायमचा. त्याच्यावर, पापणीच्या आत, जी एक जाड शिंपल्यासारखी वाटी बसते ती माझी. दाताचे डॉक्टर जबड्याचा साचा घेतात तसाच मी खोबणीचा साचा घेतो, त्यावरून मेणाचा नमुना करतो, तो बसवून बघतो, तासतो, पुन्हा बसवतो. पापणी नीट मिटली, दोन्हीकडची उघडीप सारखी झाली की त्या मेणाची जागा कवळीच्या प्लॅस्टिकला मिळते. मग रंग. आपल्याकडे सगळ्यांचे डोळे तपकिरी असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्याकडे एक दिवस येऊन बसावं. गुळाचा तपकिरी वेगळा, चिंचेच्या कोळाचा वेगळा, ओल्या मातीचा वेगळा, आणि बाहुलीच्या कडेला प्रत्येकाचं काहीतरी स्वतःचं नक्षीकाम असतं. पांढऱ्या भागावरच्या लाल शिरा मी रेशमाच्या धाग्याचा एकेक तंतू सुटा करून चिकटवतो. हे सगळं समोरच्या माणसाच्या दुसऱ्या, जिवंत डोळ्यात बघत बघत करायचं. लग्न होऊन तीस वर्षं झालेल्या नवराबायकोंनीही एकमेकांच्या डोळ्यांत इतका वेळ पाहिलेलं नसतं. त्यामुळे होतं काय, की तासाभरात माणूस बोलू लागतो. आणि मला ऐकायला फार आवडतं.

या धंद्यात कौतुक मिळतं ते तिरकं. तळेगावचे शेषराव म्हणून माझे एक जुने गिऱ्हाईक आहेत. तूर कापताना खुंट लागून त्यांचा डोळा गेला. मी बसवलेला डोळा घेऊन ते घरी गेले आणि महिन्याभराने बायकोला घेऊन परत आले. तिची तक्रार होती की नवा डोळा खऱ्या डोळ्यापेक्षा तिच्याकडे जास्त लक्ष देतो. दुरुस्ती कोणत्या डोळ्यात करायची, असं मी विचारलं तेव्हा ती जरा विचारात पडली.

माझ्याकडे येणारे बहुतेक असेच: खुंट लागलेले, फटाका उडालेला, बैलाचं शिंग लागलेलं, लहानपणी देवी-गोवर झालेले. झालं ते होऊन गेलेलं असतं. डोळा गेला, प्रकरण मिटलं, आता दिसायला बरं दिसावं एवढंच. कमलताई आल्या आणि पहिल्यांदाच असं माणूस समोर बसलं ज्याचं प्रकरण मिटलेलं नव्हतं.

कमलताई पवनारच्या. नवरा पुंडलिकभाऊ, दोघं मिळून वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायचे आणि कमलताई वर्ध्याच्या बाजारात बसायच्या. वय तेव्हा त्रेचाळीस-चव्वेचाळीस. त्यांना डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात कावळा बसल्यासारखा वाटायचा. तराजूचा काटा पाहायला मान वळवली की कावळाही वळायचा. चष्म्याच्या शिबिरात तपासणीसाठी गेल्या आणि तिथल्या माणसाने आत पाहून त्यांना लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवलं. डोळ्याच्या आतल्या पडद्यामागे काळी गाठ निघाली. मेलॅनोमा. आपल्या कातडीला आणि डोळ्याला रंग देणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांचाच हा कॅन्सर. आपल्या देशात दुर्मीळ. गाठ लहान असती तर किरणोत्सर्गी चकती काही दिवस डोळ्याला बाहेरून शिवून ठेवतात आणि डोळा वाचवतात. कमलताईंची मोठी होती. डोळा काढावा लागला.

जखम भरल्यावर डॉक्टर मॅडमनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. या डॉक्टर मॅडम म्हणजे आमच्या भागातल्या डोळ्यांच्या जुन्या सर्जन. त्या डोळे काढतात, मी बसवतो, असा आमचा संसार आहे. हे वाक्य मी एकदा त्यांच्यासमोर बोललो होतो. पुन्हा बोललो नाही.

मी साचा घेतला, डोळा केला, बसवला, आरसा हातात दिला. बहुतेक बायका या क्षणी रडतात. कमलताईंनी आरशात पाहिलं, मान इकडून तिकडे केली आणि विचारलं, “भाऊ, हा किती वर्षं टिकते?”

मी नेहमीचं उत्तर दिलं. वर्षातून एकदा पॉलिश करून घ्यायचं, कारण अश्रूंचे थर बसून तो खरखरीत होतो आणि पापणीला टोचतो. खोबणीचा आकारही हळूहळू बदलतो, म्हणून पाच-सहा वर्षांनी नवा करायचा.

कमलताई नवऱ्याकडे वळल्या. “घ्या. भाऊ पाच-सहा वर्षं म्हणते. डॉक्टरीणबाई तं तेवढं बी सांगून नाई राह्यली.”

पुंडलिकभाऊ खिडकीबाहेर पाहू लागले. मी ब्रश धुवायला लागलो. तो आधीच धुतलेला होता.

त्या गेल्यावर मला राहवेना. मी चौकस माणूस आहे. बायकोचा शब्द यापेक्षा कडक आहे. मी डॉक्टर मॅडमकडे गेलो आणि म्हटलं, डोळा तर तुम्ही काढून टाकला, गाठ त्याच्यासोबत गेली, मग आता हिशेब कसला राहिला? मॅडमनी मला समोर बसवून जे सांगितलं ते मी इथे माझ्या भाषेत सांगतो.

गाठ डोळ्यात असते तोवरच तिच्यातल्या काही पेशी रक्तातून निघून गेलेल्या असू शकतात. त्यांना जायला आवडतं ती जागा म्हणजे यकृत, म्हणजे आपलं लिव्हर. तिथे जाऊन त्या झोपतात. कोणाच्या वर्ष-दोन वर्षांत जाग्या होतात, कोणाच्या दहा-पंधरा वर्षांनी, आणि पुष्कळ लोकांच्या मुळीच होत नाहीत, ती माणसं म्हातारी होऊन दुसऱ्याच कशाने तरी जातात. डोळा काढला म्हणून यात फरक पडतो असं नाही. गाठ मापात असेल तर चकती लावून डोळा वाचवलेले आणि डोळा काढलेले, दोघांचं पुढचं आयुष्य सारखंच निघतं. गाठ केवढी होती, डोळ्यात कुठे होती, यावरून अंदाज करतात. आता गाठीच्या तुकड्यातली गुणसूत्रं तपासूनही बरंच कळतं, पण कमलताईंच्या वेळी ती तपासणी झालेली नव्हती.

“मग त्यांना सांगत का नाही, किती वर्षं?” मी विचारलं.

“कारण आकडा शंभर बायकांचा असतो,” मॅडम म्हणाल्या. “माझ्यासमोर एकच बसलेली असते.”

करायचं काय, तर ठरावीक काळाने यकृताची सोनोग्राफी. काही उगवलंच तर लहान असताना सापडावं, म्हणजे हातात काहीतरी उपाय असतो. म्हणजे खात्री असते का? मॅडम म्हणाल्या, नसते.

नसते हे मी स्वतः पाहिलं आहे. कमलताईंनंतर आलेले सेलूच्या बाजूचे एक शिक्षक होते, हीच गाठ. माणूस तारखेचा पक्का, एकही तपासणी चुकवली नाही. दुसऱ्या वर्षी यकृतात ठिपके दिसले आणि तिसरी दिवाळी त्यांनी पाहिली नाही. त्यांची बायको त्यांचा डोळा स्वच्छ धुऊन, डबीत घालून माझ्याकडे घेऊन आली. दुसऱ्या कोणाला बसला तर पाहा म्हणाली. प्रत्येक डोळा एकाच खोबणीचा असतो, दुसऱ्याला कधीच बसत नाही. हे मी तिला सांगू शकलो नाही. पाहतो म्हणालो.

कमलताई मात्र दरवर्षी येत राहिल्या. आधी सोनोग्राफी, मग माझ्याकडे पॉलिश, असा त्यांचा वर्ध्याचा एक दिवस ठरलेला. पॉलिशच्या चाकाचा आवाज चालू असताना त्या डोळ्यावर पदर धरून बसायच्या आणि बाजारातल्या गोष्टी सांगायच्या. डावीकडचं दिसत नाही हे ओळखून काही गिऱ्हाइकं त्या बाजूने मूठभर सांभार जास्त उचलायची. मग त्यांनी डावीकडे मिरच्या ठेवायला सुरुवात केली. तिखट मिरच्या. “उचला म्हणावं आता मूठभर.”

पाच वर्षं झाली. आणि इथे पुंडलिकभाऊंनी एक जेवण दिलं.

कॅन्सरला पाच वर्षं झाली की माणूस सुटला, हे त्यांना कोणीतरी बाजारात सांगितलं होतं. सांगणाऱ्याचं चूक म्हणता येत नाही, कारण काही कॅन्सरांत डॉक्टरसुद्धा पाच वर्षांचं माप लावतात. पुंडलिकभाऊंनी ते माप मनात धरलं होतं आणि पाच वर्षं कोणाला बोलले नव्हते. धाम नदीकाठच्या त्यांच्या वावरात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी झाली. सगळे नातेवाईक. मी सपत्नीक प्रमुख पाहुणा, कारण लोकांना तोच डोळा दिसत होता आणि तो माझा होता. एका म्हाताऱ्या आजीबाईंनी तर कमलताईंच्या चेहऱ्याजवळ चेहरा नेऊन दोन्ही डोळे तपासले आणि चुकीच्या डोळ्याला शाबासकी दिली. त्याहून मोठा पुरस्कार मला आजवर मिळालेला नाही.

हात धुताना पुंडलिकभाऊ म्हणाले, आता तपासणीगिपासणी बंद. संपलं ते. आता फक्त तुमच्याकडचं पॉलिश.

मी जरा चाचरत म्हटलं, मॅडमना एकदा विचारून घ्या, ही गाठ जरा वेगळी असते. ते एकदम कडक झाले. “पाच वर्षं झाले न भाऊ. आता काऊन उकरून काढून राह्यले तुमी?”

कमलताई बाजूलाच ताटं गोळा करत होत्या.

मी मॅडमकडे गेलो. ही गाठ पंचांग पाळत नाही, असं त्या म्हणाल्या. पाच वर्षं निर्वेध गेली ही चांगली गोष्ट, जितकी वर्षं जातील तितकी शक्यता उतरत जाते, पण शून्य होत नाही. त्यांनी दोनदा निरोप पाठवला. एकदा फोनवर बोलल्या. पुंडलिकभाऊ हो म्हणाले आणि आले नाहीत. मला त्यांचा राग येईना. पाच वर्षं हा माणूस श्वास रोखून होता आणि आता त्याने तो सोडला होता. त्याला पुन्हा रोखायला सांगणार कोण?

पण एक गोष्ट माझ्या हातात होती. सोनोग्राफी चुकवली तर काही टोचत नाही. पॉलिश चुकवलं की टोचतं.

वर्ष झाल्यावर ठरल्याप्रमाणे दोघं आले. डोळा खरखरीत झाला होता, पापणी लाल. मी खुर्चीवर बसलो, चष्मा काढला, तो पुसला, पुन्हा लावला, आणि ज्या आवाजात मी गणपतीच्या नाटकात न्यायाधीशाचं काम करतो त्या आवाजात म्हणालो, नियम बदलला आहे. काळ्या गाठीचा डोळा असेल तर चालू वर्षाची पोटाची सोनोग्राफी पाहिल्याशिवाय पॉलिश करता येत नाही.

पुंडलिकभाऊंनी विचारलं, कोणाचा नियम?

मी बोट वर केलं. वरून आलाय, म्हटलं.

आमच्या घराच्या वर फक्त पाण्याची टाकी आहे. बायको आतल्या दारात चहा घेऊन उभी होती, तिने माझ्या बोटाकडे पाहिलं, टाकीच्या दिशेने पाहिलं आणि चहा न देताच परत गेली. तिला हसू आवरत नव्हतं.

पुंडलिकभाऊ बरंच बोलले. पोटाचा आणि डोळ्याचा काय संबंध, सरकारला काही कामधंदा नाही, गरिबाने काय करावं. पण नियम म्हटला की आपला माणूस चिडतो आणि पाळतो. सल्ला म्हटला की मान डोलावतो आणि विसरतो. ते चिडले आणि दुपारी कमलताईंची सोनोग्राफी करून आले. स्वच्छ होती. मी डोळा असा चमकवला की त्यात खिडकी दिसत होती.

दुसऱ्या वर्षीही तसंच. तिसऱ्याही. मी स्वतःवर खूश होतो. माणसाने इतकं खूश नसावं, कारण एका सकाळी माझ्या दारात तळेगावचे शेषराव उभे राहिले. तेच ते, तुरीच्या खुंटाचे. हातात मोठा पाकीटबंद कागद.

“घ्या,” म्हणाले. “पोटाची काढून आणली.”

मी विचारलं, कशासाठी?

“पॉलिशसाठी. आता पोट पाह्यल्याबिगर डोळ्याले हात नाई लावत म्हणते तुमी. बसमंदी सांगतलं ना एका पवनारवाल्यानं.”

मी त्यांना समजावलं, हा नियम तुम्हाला नाही. ते दुखावले. आमच्या पोटात काय कमी आहे, असा त्यांचा सूर होता. त्या हिवाळ्यात शेंगा पोत्यातून सांडाव्यात तशा सोनोग्राफ्या माझ्या टेबलावर सांडल्या. फटाक्याचा डोळा, शिंगाचा डोळा, सगळे पोट घेऊन आले. आष्टीच्या एका गृहस्थांनी तर बायकोचीही काढून आणली, पुढेमागे लागली तर असावी म्हणून. तिचे दोन्ही डोळे उत्तम होते. आणि शेषरावांच्या पित्ताशयात खडा निघाला. तो वर्षभर दुखत होता आणि त्यांना वाटत होतं गॅस आहे. ऑपरेशन होऊन ते बरे झाले आणि तळेगावभर सांगत सुटले की वर्ध्याचा डोळेवाला पोटही पाहतो.

सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी अखेर आमच्या मॅडमना विचारलं, हा डोळ्याचा माणूस इतके लिव्हर कशाला मागवतोय? मॅडमनी मला बोलावलं. मी सगळं सांगितलं, टाकीसकट. त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, बाकीच्यांना आजच्या आज सांगा की तुम्हाला लागत नाही. आणि मी दाराशी गेल्यावर म्हणाल्या, कमलताईंचा नियम राहू द्या.

दहा वर्षं उलटून गेल्यावर एका वर्षी पुंडलिकभाऊ माझ्याकडे एकटे आले. कागद टेबलावर ठेवला आणि उभेच राहिले. यकृतात एक ठिपका दिसला होता. मोठ्या यंत्रात घालून नीट फोटो काढायचा होता, त्याची तारीख आठवड्यानंतरची मिळाली होती. मला काही बोलले असते तर बरं झालं असतं. मी नियम काढला नसता तर हा ठिपका त्यांना दिसलाच नसता, हे त्यांच्या चेहऱ्यावर होतं, आणि त्याबद्दल माझे आभार मानायचे की मला शिव्या द्यायच्या, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मलाही आलं नसतं.

दोन दिवसांनी कमलताई आल्या. पॉलिशची वेळ झाली नव्हती. त्या खिडकीशी त्यांच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, नवीन डोळ्याचा साचा घ्या. जुना ढिला झाला आहे.

तो खरोखरच ढिला झाला होता. पण मी म्हटलं, फोटोचा निकाल येऊ द्या, मग करू. घाई काय आहे?

“तुमचा नियम काय पॉलिशचाच हाय ना? साच्याचा तं नाई?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही.

“मग घ्या.” त्या मान मागे टाकून बसल्या. मी पातळ लापशीसारखं साच्याचं मिश्रण कालवायला घेतलं. ते ओतल्यावर दोन-तीन मिनिटं माणसाने अजिबात हलायचं नसतं, बोलायचंही नसतं. ते घट्ट होऊन मी काढलं, तेव्हा त्या बोलल्या. “भाऊ, त्या तळेगाववाल्या शेषरावले काळी गाठ कधीच नव्हती. मी बाजारात विचारलं त्याले. असा नियमच नाई कोठं.”

मी साच्याकडे फार लक्षपूर्वक पाहू लागलो.

“मले पह्यल्याच वर्षी समजलं होतं,” त्या म्हणाल्या. “मॅडमनं फोनवर सांगतलं तवा मी बाजूलेच होती. पण मी जातो म्हणली असती तर यायनं धसका घेतला असता का मले कायतरी होऊन राह्यलं. नियमानं गेलो तर नियमानं गेलो. यायले बी बरं, मले बी बरं.”

म्हणजे इतकी वर्षं मी त्यांना फसवतो आहे असं समजून ऐटीत होतो, आणि त्या माझा नियम नवऱ्यासाठी वापरत होत्या. मी आयुष्यात पुष्कळ नाटकं केली, पण समोरचं पात्र माझ्यापेक्षा चांगलं काम करतं आहे हे मला पहिल्यांदाच मध्यंतरानंतर कळलं.

मोठ्या यंत्राचा फोटो झाला. ठिपका म्हणजे रक्तवाहिन्यांचा एक साधा गुंता निघाला. जन्मापासूनचा असावा, निरुपद्रवी. इतकी वर्षं सोनोग्राफीत तो नीट पकडला गेला नव्हता, यंत्र नवीन आलं म्हणून दिसला. पुंडलिकभाऊ कागद घेऊन थेट माझ्याकडे आले आणि या वेळी मात्र सगळ्या शिव्या दिल्या, सलग, एकाही शब्दाची पुनरुक्ती न करता. मग बसून दोन कप चहा प्यायले.

या गोष्टीलाही आता पाचएक वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात कमलताई पुन्हा नव्या डोळ्यासाठी आल्या. पुंडलिकभाऊ नेहमीप्रमाणे दाराजवळच्या स्टुलावर. वर्षाची सोनोग्राफी सकाळीच झाली होती, स्वच्छ. माझ्याकडे प्रत्येकाच्या रंगांची नोंद असते, त्यामुळे कमलताईंचा तपकिरी मला पाठ आहे: चिंचेचा कोळ, त्यात बाहुलीभोवती गुळाची एक बारीक रेघ. मी चटचट रंग कालवला, बुबुळाची चकती रंगवली, उजव्या डोळ्याशेजारी धरली. जुळेना.

पुन्हा कालवला. पुन्हा धरला. मधला भाग तंतोतंत, आणि तरी दोन डोळे दोन वेगळ्या बायकांचे दिसत होते. मी वैतागलो. पापणी जरा वर करा म्हटलं, भिंग घेतलं आणि खिडकीच्या उजेडात त्यांच्या डोळ्यात बराच वेळ पाहत राहिलो. इतका, की पुंडलिकभाऊ स्टुलावरून उठले.

“काय दिसून राह्यलं?” त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

मग मला दिसलं. तपकिरी जिथे संपतं आणि पांढरं सुरू होतं, तिथे, वरच्या बाजूला जास्त आणि खाली कमी, राखेसारखं एक फिकट कडं उमटलं होतं. पाच वर्षांपूर्वी ते नव्हतं. मी भिंग बाजूला ठेवलं आणि घाईघाईने सांगितलं की घाबरायचं काही नाही, हा आजार नाही. वय झालं की डोळ्याच्या काचेच्या कडेला थोडी चरबी साठते आणि असं कडं दिसू लागतं. नजरेला काही होत नाही. तरुण माणसात दिसलं तर रक्त तपासावं लागतं, पण साठीच्या घरात आलेल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांत मी ते पाहतो. उलट चूक माझीच, मी पंचेचाळिशीच्या बाईचा डोळा रंगवत बसलो होतो. आता नव्या डोळ्यालाही तसंच कडं काढावं लागेल, म्हणजे जुळेल.

पुंडलिकभाऊ भिंतीला टेकले. कमलताईंनी टेबलावरचा आरसा उचलला, खिडकीकडे तोंड केलं, पापणी बोटाने वर ओढली आणि स्वतःच्या डोळ्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी बारीक ब्रश पांढऱ्या रंगात बुडवून तयार ठेवला होता. आतून बायको चहा घेऊन आली होती आणि तीही थांबली.

मग कमलताईंनी आरसा खाली केला आणि नवऱ्याकडे वळून, रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, म्हणाल्या:

“अवो, ऐकलं का? म्हातारी झाली मी!”